नर्सिंगचे पहिले वर्ष कसे पार पाडाल?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या पार पडतात आणि आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच मुली, अलीकडे काही मुलगेही, नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला जातात. घरी पेढे वाटले जातात. गणवेश शिवून येतो. वाडीवस्तीवरची पहिली 'सिस्टर' म्हणून मुलीचे कौतुक होते. तीच मुलगी दिवाळीच्या सुटीत घरी येते ती मात्र गप्प गप्प असते. "काही डोक्यात शिरत नाही. पुस्तकं सगळी इंग्रजीत. मला नाही जमायचं," एवढेच सांगते.

दरवर्षी अशा दोन-चार मुली माझ्या दवाखान्यात येतात. तक्रार डोकेदुखीची असते, चक्कर येण्याची असते, कधी पोटात दुखण्याची. जरा बोलते केले की मूळ दुखणे अभ्यासाचे निघते. यातल्या बहुतेक मुली हुशार असतात. बारावीत ज्या रीतीने त्यांनी अभ्यास केला ती रीत इथे पुरी पडत नाही आणि दुसरी रीत त्यांना कोणी सांगितलेली नसते, एवढेच.

प्रश्न लहान नाही. फी भरण्यासाठी कुणी कर्ज काढलेले असते, कुणी दागिना मोडलेला असतो. शिक्षण अर्धवट टाकून परत आलेल्या मुलीला दुसरी संधी देण्याइतका धीर पुष्कळ घरांत नसतो. लगेच स्थळे पाहणे सुरू होते. म्हणून नेहमीचे विषय बाजूला ठेवून आज पहिल्या वर्षाच्या अभ्यासाविषयी लिहितो आहे. विद्यार्थिनींनी तर हा लेख वाचावाच, पण आईवडिलांनीही वाचावा.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

जी.एन.एम. हा पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग हा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा. बी.एस्सी.ला बारावी विज्ञान शाखेची लागते. जी.एन.एम.ला कला किंवा वाणिज्य शाखेतूनही मुली येतात, त्यामुळे जीवशास्त्र दहावीनंतर प्रथमच हाती घेणाऱ्या विद्यार्थिनी तिथे बऱ्याच असतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ साली बी.एस्सी.चा अभ्यासक्रम बदलला व वार्षिक परीक्षेऐवजी आठ सत्रे केली. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगची मूलतत्त्वे. दुसऱ्या सत्रात जीवरसायनशास्त्र, पोषण व आहार, संगणक आणि मूलतत्त्वांचा पुढचा भाग. मुख्य विषयांत लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के गुण लागतात. परीक्षेला बसायचे तर ८० टक्के हजेरी लागते.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. प्रात्यक्षिकात उत्तम गुण मिळाले म्हणून लेखीतली तूट भरून निघत नाही. सत्र जेमतेम काही महिन्यांचे असते, म्हणजे 'दिवाळीनंतर बघू' म्हणणाऱ्या मुलीचे अर्धे सत्र दिवाळीपर्यंत संपलेले असते. अभ्यास पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करावा लागतो.

शब्दांची भीती घालवा

मराठी माध्यमातल्या मुलीला पहिला धक्का बसतो तो शब्दांचा. एकेका पानावर वीस-वीस नवे शब्द. ती ते पाढ्यांसारखे पाठ करू लागते आणि आठ दिवसांत सगळी सरमिसळ होते.

हे शब्द बहुतेक ग्रीक व लॅटिन तुकड्यांचे बनलेले आहेत. शाळेत मराठी व्याकरणात आपण उपसर्ग आणि प्रत्यय शिकलो. 'दुर्' लागला की वाईट, 'अ' लागला की अभाव. इथेही तसेच आहे. 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे संथ. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. 'डिस' म्हणजे त्रासाचे. शेवटी 'आयटिस' आला की दाह, 'एक्टॉमी' आला की तो भाग काढून टाकणे, 'ऑस्टॉमी' आला की तिथे तोंड तयार करणे. 'एमिया' म्हणजे रक्तातले, 'युरिया' म्हणजे लघवीसंबंधी, 'प्निया' म्हणजे श्वासासंबंधी. आता 'टॅकिप्निया' हा शब्द पूर्वी कधी वाचला नसेल तरी अर्थ लागतो : श्वास जलद चालणे. 'डिस्युरिया' म्हणजे लघवीला त्रास. असे चाळीस-पन्नास तुकडे पहिल्या दोन महिन्यांत पक्के केले की शेकडो शब्द आपोआप उलगडतात.

हे केवळ गुणांसाठी नाही. 'हायपोग्लायसेमिया' म्हणजे रक्तातली साखर फार कमी होणे आणि 'हायपरग्लायसेमिया' म्हणजे ती फार वाढणे. कागदावर फरक एका अक्षराचा आहे. पहिल्या रुग्णाला ताबडतोब साखर द्यावी लागते, दुसऱ्याला बहुधा इन्शुलिन लागते. हाच फरक उलटा झाला तर माणूस दगावू शकतो. परीक्षेत अर्धा गुण जाईल. वॉर्डात एखाद्या घरातला कर्ता माणूस जाईल.

एक वही तीन रकान्यांची करा. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्याचे तुकडे व अर्थ, तिसऱ्यात आपल्याकडचा रुग्ण त्यालाच काय म्हणतो ते. आपल्या आजीने 'उन्हाळी लागली' म्हटले की तो डिस्युरिया. 'धाप लागते' म्हणजे डिस्प्निया. 'अन्न जात नाही' म्हणजे अनोरेक्सिया. 'छातीत धडधडतं' म्हणजे पालपिटेशन. 'अंगावरून फार जातंय' म्हणजे मासिक पाळीचा रक्तस्राव वाढलेला. हा तिसरा रकाना शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला भरता येणार नाही, तुम्हाला येईल. रुग्णाचे बोलणे ऐकून ते डॉक्टरला नेमक्या शब्दांत सांगणे हे नर्सचे रोजचे काम आहे. तुमची मराठी ही तुमची अडचण नाही, ते तुमचे भांडवल आहे.

नवीन धडा प्रथम मराठीत समजून घेण्यात काहीही कमीपणा नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकांतले हृदय, मूत्रपिंड, पचन हे पाठ काढून वाचा. कल्पना मराठीत पक्की झाली की इंग्रजी पान निम्मे सोपे होते. मात्र उत्तर इंग्रजीत लिहायचे आहे, तेव्हा रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचणे आणि पाच वाक्ये स्वतःची लिहिणे चुकवू नका. वाक्ये लहान चालतील. लहान आणि बरोबर वाक्य हे लांबलचक व चुकीच्या वाक्यापेक्षा कधीही चांगले.

प्रत्येक ओळीला 'का?' विचारा

शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय अवघड वाटतात, कारण ते रुग्णापासून तोडून वाचले जातात. वाचलेली प्रत्येक गोष्ट एखाद्या रुग्णाला नेऊन जोडा. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण. कमरेत इंजेक्शन देताना नितंबाचे चार भाग कल्पून वरच्या व बाहेरच्या भागात सुई द्यावी, असे पुस्तकात असते. का? कारण शरीरातली सर्वांत जाड नस, सायॅटिक नर्व्ह, आतल्या व खालच्या बाजूने जाते. तिला सुई किंवा औषध लागले तर पाऊल लुळे पडू शकते. हे कारण एकदा समजले की ती जागा पाठ करावी लागत नाही आणि जन्मात विसरतही नाही.

दुसरे उदाहरण. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांब असतो, पुरुषांचा १८ ते २० सेंटिमीटर. नुसते आकडे दुसऱ्या दिवशी विसरतात. पण बाहेरचे जंतू मूत्राशयापर्यंत पोहोचायला बाईच्या शरीरात फार थोडे अंतर कापावे लागते, म्हणून लघवीचा जंतुसंसर्ग बायकांत अधिक होतो, म्हणूनच स्वच्छता करताना पुढून मागे पुसायचे आणि लघवीची नळी घालताना निर्जंतुकपणा काटेकोर पाळायचा, अशी साखळी जोडली की रचना, रोग आणि शुश्रूषा तिन्ही एकदम लक्षात राहतात.

तिसरे उदाहरण जरा मोठे आहे. बाळंतीण वॉर्डात आहे. सकाळी नाडी ८४ होती, आता ११६ आहे. रक्तदाब मात्र ११०/७० म्हणजे ठीक दिसतो. पाठांतर करणारी मुलगी तक्त्यात आकडे भरून पुढच्या खाटेकडे जाते. शरीरक्रिया समजलेली मुलगी थांबते. तिला माहीत असते की रक्त कमी होऊ लागले की शरीर आधी हृदयाचे ठोके वाढवते आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळते. त्यामुळे रक्तदाब काही काळ सांभाळला जातो. साधारण तीस टक्के रक्त जाईपर्यंत तो टिकून राहू शकतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून ती हातपाय गार पडलेत का पाहते, पॅड पाहते, पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलेले आहे का पाहते, लघवी किती झाली विचारते आणि लगेच वरिष्ठ सिस्टरला बोलावते. त्या दहा मिनिटांत एका बाळाची आई वाचते. पहिल्या वर्षात शिकलेले 'रक्ताभिसरण' हे प्रकरण असे कामास येते.

तेव्हा प्रत्येक प्रकरण संपले की वहीत एकच प्रश्न लिहा : हे मला माहीत नसेल तर कोणत्या रुग्णाचे नुकसान होईल? उत्तर सुचले नाही तर शिक्षिकेला विचारा. चांगल्या शिक्षिकेला असा प्रश्न आवडतो.

पुस्तक मिटून अभ्यास करा

बहुतेक मुली एकच पान पाच-सहा वेळा वाचतात, ओळींवर रंगीत रेघा ओढतात. वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि 'येते' असा भास होतो. परीक्षेत कोरा कागद पुढे आला की भास उतरतो.

विसरणे हा मेंदूचा स्वभाव आहे. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांत व पहिल्या दिवसातच निसटते, आणि मधे अंतर ठेवून उजळणी केली तर ते टिकते. अलीकडचा प्रयोग २००६ सालचा, अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांचा. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी तो एकदा वाचला आणि दुसऱ्या वेळी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवले, नुसते वाचणाऱ्यांना ४२. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते, हे लक्षात घ्या.

म्हणून रीत अशी ठेवा. आज वर्गात जे झाले ते आजच संध्याकाळी एकदा शांतपणे वाचा. मग पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर जेवढे आठवेल तेवढे लिहा, आकृती काढा. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरा. ती लाल शाई म्हणजे तुमचा उद्याचा अभ्यास. तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा हेच करा. दर वेळी वेळ कमी लागेल. हृदयाचे चार कप्पे आणि झडपा, मूत्रपिंडातला नेफ्रॉन, हातापायांची हाडे यांच्या आकृत्या न बघता काढता आल्या पाहिजेत. आकृती सुंदर नसली तरी चालेल, नावे जागच्या जागी हवीत.

घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्यांचे पत्त्यांएवढे तुकडे कापा. एका कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहा, त्यावरच पाठीमागे कागद चिकटवून उत्तर. बसची वाट पाहताना, मेसच्या रांगेत दहा कार्डे सहज होतात. खर्च काही नाही.

दोघी-तिघींनी मिळून अभ्यास करायचा असेल तर एकीने पुस्तक धरावे आणि दुसरीने न बघता शिकवावे. जिथे अडखळाल तिथे समजलेले नाही, एवढे स्पष्ट होते. चौघींपेक्षा जास्त जमल्या की गप्पा होतात, अभ्यास होत नाही.

गणिताला घाबरू नका

'गणित सुटले म्हणून नर्सिंगला आले' असे काही मुली म्हणतात. गणित सुटत नाही. मात्र लागते ते सातवीचे गणित, आणि ते शंभर टक्के बरोबर लागते. एक ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम आणि एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, हे झोपेतही सांगता आले पाहिजे.

डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅम औषध लिहिले आणि बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असे छापले आहे, तर १० मिलिलिटर द्यायचे. ५०० मिलिलिटर सलाइन ८ तासांत जायचे आहे आणि सेटमधून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब; ८ तासांची ४८० मिनिटे; भागाकार केला की मिनिटाला सुमारे २१ थेंब. असा एक हिशेब रोज करा. वर्षाअखेर हात बसतो.

इन्शुलिनचे उदाहरण मुद्दाम देतो. आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० युनिटचे आणि १०० युनिटचे अशी दोन्ही इन्शुलिने मिळतात आणि त्यांच्या सिरिंजा वेगळ्या असतात. १०० युनिटचे इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले तर रुग्णाला २० च्या जागी ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. का ते स्वतः कागदावर मांडून पाहा. ज्या दिवशी हे मांडता येईल त्या दिवशी गणिताची भीती गेली असे समजा.

वॉर्ड, हजेरी आणि नोंदवही

पहिल्या वर्षी वॉर्डात खाट लावणे, स्पंज देणे, तापमान-नाडी-श्वास मोजणे अशी कामे असतात. काही मुलींना ती कमीपणाची वाटतात. परंतु स्पंज देताना पाठीवरची लालसर झालेली जागा, म्हणजे शय्याव्रणाची सुरुवात, नर्सलाच प्रथम दिसते. नाडी मोजताना पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय पहिल्या वर्षी लागली तर अनियमित नाडी हाताखालून निसटून जाते.

दिवसभरात पाहिलेला एक रुग्ण संध्याकाळच्या अभ्यासाला जोडा. दम्याचा रुग्ण पाहिला असेल तर त्या रात्री श्वसनसंस्था वाचा. नोंदवही रोजच्या रोज पूर्ण करा. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात वह्या भरत बसणाऱ्या मुलींचे वाचन तिथेच बुडते. हजेरीचाही हिशेब ठेवा. शंभर तासांत वीस तासच चुकवण्याची मुभा आहे, आणि ती मुभा आजारपणासाठी राखून ठेवा. जत्रा आणि चुलत बहिणीच्या हळदीत खर्च करू नका.

उत्तर लिहिताना क्रम ठरवून ठेवा : व्याख्या, कारणे, लक्षणे, शुश्रूषा, आणि शक्य तिथे आकृती. मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मिळतात. त्या घड्याळ लावून सोडवा.

ज्या शरीराने अभ्यास करायचा ते

आता माझ्या अधिकारातला विषय. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आली. वाचलेले लक्षात राहत नाही, जिना चढताना धाप लागते, सारखी झोप येते. तिला वाटत होते आपली बुद्धी कमी आहे. हिमोग्लोबिन तपासले, ते ८ निघाले. वसतिगृहात उशीर होतो म्हणून ती चहा-बिस्किटावर निघायची, पाळीत रक्त जास्त जायचे. उपचार सुरू झाले आणि काही महिन्यांत ती पूर्ववत अभ्यास करू लागली. बुद्धी पहिल्यापासून चांगलीच होती.

ही एकटी नव्हे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. या वयात हिमोग्लोबिन १२ किंवा अधिक हवे. प्रवेश घेतल्यावर एकदा तपासून घ्या. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्या. विदर्भ आणि खानदेशातल्या, विशेषतः आदिवासी भागातल्या मुलींनी सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी, कारण तिथे रक्त कमी असण्याचे कारण वेगळे असू शकते. नाश्ता चुकवू नका : भाकरी-भाजी, उसळ, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, जे मिळेल ते. पालेभाजीवर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते.

झोप सात ते आठ तास हवी. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत चालते. रात्रभर जागून वाचणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे. मोबाइल फोन उशाशी ठेवू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा.

पहिल्यांदा जखम किंवा शस्त्रक्रिया पाहताना पुष्कळ मुलींना चक्कर येते. मग त्या ठरवतात की हे काम आपल्याला झेपणार नाही. असे ठरवू नका. यात नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. धीटपणाशी याचा संबंध थोडाच. उपाशीपोटी जाऊ नका, एकाच जागी ताठ उभ्या राहू नका. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली की पाय एकमेकांवर घेऊन मांड्या व पोट आवळा, किंवा सरळ खाली बसा, शक्य तर आडव्या व्हा. सवयीने हे बहुतेकींचे जाते.

वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी हिपॅटायटिस 'बी'ची लस सुरू करा : पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेल्या सुईला टोपण परत घालू नका. सुई टोचलीच तर जागा दाबू नका, तोंडात बोट घालू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच वेळी वरिष्ठांना सांगा. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषध लागले तर ते शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांत, सुरू करावे लागते. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. रागावतील या भीतीने लपवू नका.

घरची आठवण सगळ्यांनाच येते. पहिले काही आठवडे ती तीव्र असते, मग कमी होते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज रडू येत असेल, जेवण-झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. वॉर्डनला, शिक्षिकेला किंवा डॉक्टरला सांगा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येते.

पालकांना दोन शब्द

मुलीचा फोन आला की 'किती मार्क पडले?' हा पहिला प्रश्न नको. 'आज काय शिकलीस ते मला सांग' असे विचारा. आईला समजेल अशा भाषेत हृदय कसे चालते हे सांगता आले तर तिचा अभ्यास झाला असे समजा, आणि तुमच्याही ज्ञानात भर पडेल. सुटीत ती घरी आली की तिला लगेच शेतात किंवा चुलीपाशी जुंपू नका. रोज दोन तास तिचे तिला द्या. एखाद्या विषयात ती राहिली तर तो विषय पुन्हा देता येतो. त्यासाठी शिक्षण थांबवू नका.

विद्यार्थिनींनो, पहिले वर्ष अवघड आहे हे खरे. पण त्याला लागणारी सामग्री तुमच्याजवळ आहे : रुग्णाची भाषा, कष्टाची सवय आणि 'का?' विचारण्याची हिंमत. आज रात्री एकच करा. सकाळी वर्गात झालेल्या धड्याचे पान एकदा वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहायला बसा.